तवंगाची जाडी

बडोद्याला समुद्र नाही.
तरी सकाळी सहा चाळीसला
हरणीच्या धावपट्टीवरून मी समुद्रावर कामाला जाते,
हे आईनं शेजारच्या खोपकरांना
अजून नीट सांगितलेलं नाही.
"ती विमानात असते," एवढंच.
हवाईसुंदरी समजतात ते. समजोत.

चार आसनांचं विमान. पंख डोक्यावर, पोटाला एक खिडकी.
केरसी चालवतो, मी बघते.
बघण्याचा पगार मिळतो मला.
खाली मही रुंद होत जाते, गढूळ, चहासारखी,
मग काठ कुठे संपला ते कळत नाही;
नुसता चिखल, त्यावर ओहोटीनं काढलेल्या शिरा,
आणि एकदम पाणी.

तवंगाला आमच्याकडे पायऱ्या आहेत.
पहिली रुपेरी: मान वळवली की नाहीशी होते.
दुसरी सप्तरंगी.
तिसरी धातूची, आभाळ जसंच्या तसं परत करणारी.
पुढच्या दोन मी अजून पाहिलेल्या नाहीत.
पाहायच्याही नाहीत, असं म्हणायला हवं.
पण बघणाऱ्याच्या डोळ्याला हाव असते.

काल दुसरी होती.
चौदा किलोमीटर लांब, तीनशे मीटर रुंद,
शालूची घडी कुणी पाण्यावर सोडून द्यावी तशी.
सुंदर. हा शब्द फॉर्मवर नाही.
टोकाशी जहाज. नाव वाचायला आम्ही मागून
पाचशे फुटांवर उतरलो.
नावावर कुणी रंग फासलेला,
अर्धीच अक्षरं उरलेली.
डेकवर बनियन वाळत घालणाऱ्या एकानं
आम्हाला हात केला.
मी फोटो घेतला. हातासकट.

आणि त्या रंगांच्या मधोमध
एक पाठ वर आली, कुबडाची. मग दुसरी.
दुसरीला चिकटून एक लहान, काळसर.
फुस्स केलं असेल त्यांनी,
इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही.
दिसलं ते इतकंच: श्वास घेतला त्या जागी
तवंगाला वाटोळं भोक पडलं
आणि सावकाश बुजलं.
लिहिलं: डॉल्फिन, तीन. पैकी पिल्लू, एक.
वेळ नऊ अकरा.

रात्री बाबांनी विचारलं, "जाडी किती?"
एकतीस वर्षं कोयलीला होते, रिफायनरीत.
शिफ्टवरून यायचे तेव्हा
आधी वास जिना चढायचा, मग ते.
त्या वासावर माझ्या फिया भरल्या गेल्या.
"मायक्रॉनचे तीन दशांश. तिथून पुढे," मी म्हटलं.
विजेच्या बिलाच्या पाठीवर त्यांनी गुणाकार मांडला,
हातचा धरला, दोनदा तपासला.
"बाराशे साठ लिटर. कमीत कमी."
चष्मा काढला. "एवढं तर आम्ही..."
आणि ताटातल्या आमटीकडे बघत बसले.
आईला वाटलं, मीठ कमी पडलं.
बऱ्याच वेळानं: "ते पिल्लू. पुढे कुठे गेलं?"
त्याला रकाना नाही, बाबा.

आज पुन्हा हरणी.
केरसीनं पंखाखालच्या तोटीतून पेल्यात इंधन काढलं,
उजेडात धरलं, पाणी उतरलंय का बघितलं
आणि नेहमीसारखं बाजूला भिरकावलं.
रात्री कुणीतरी विमान धुतलं होतं. डबकं होतं.
त्यात ते पसरलं.
पहिली पायरी. मग दुसरी.
एक साळुंकी काठाशी आली,
मान वाकडी करून बघत राहिली.
मी पाहिलं.
मी पाहिलं, हे केरसीनं पाहिलं.
"चालो," तो म्हणाला,
आणि मी पट्टा आवळला.