चाळीस फुटांच्या आधी

मे महिन्यात बैठक झाली, शाळा क्रमांक सतराच्या वर्गात.
बाकं लहान, गुडघे मोठे, पंखा बंद.
इतिवृत्त लिहायचं काम माझं.
साहेबांनी भिंतीवर सांगलीचा नकाशा टांगला:
आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा,
पंचेचाळीस म्हणजे धोका.
काय काय बुडणार ते निळ्यानं रंगवलेलं.

मागच्या बाकावरून इठाबाई कैकाडी उठली,
अर्धी विणलेली पाटी हातात तशीच.
"ह्यात आमची वस्ती कुटं हाय?"
साहेबांनी चष्मा पुसला.
घाटाखाली नकाशात हिरवा ठिपका होता,
त्यावर बारीक अक्षरात: झुडपं.
"तुमचा इशारा चाळीसला," ती म्हणाली,
"तवर आमची चूल हरिपूरच्या पुढं गेलेली असती.
आमचा एकतीसला.
करंजाच्या मुळाला पाणी टेकलं, की एकतीस.
फूटपट्टी लागत न्हाई."

मी लिहिलं: सूचना प्राप्त.
मग खोडलं.
लिहिलं: एकतीस.

सिद्राम वडर खिडकीतून बोलत होता.
वर्गात यायला तीन पायऱ्या,
आणि खाणीत पाठ मोडल्यापासून त्याच्या खुर्चीला
पायऱ्या ओळख देत नाहीत.
"निवारा केंद्र म्हंत्यात ते हेच का?"
हेच.
"मग माझी धोका पातळी लिवा, तीन पायऱ्या.
दगड मीच फोडलाय त्यो. चांगला हाय,
लवकर झिजायचा न्हाई."
कुणी हसलं. तोही हसला. नंतर कुणीच नाही.

रुकय्या हातांनी सांगत होती,
तिची जाऊ ते बोलून दाखवत होती:
भोंगा वाजतो तेव्हा मी शिवत असते.
मागच्या खेपेला पाणी मला पायाला कळलं,
मशीनच्या पायडलवर.
दिवा दाखवा. तीनदा. माझ्या खिडकीवर.

चंद्रा जोगतीण सगळ्यांत शेवटी,
उभी राहावं की बसावं अशी:
"बायकांची खोली एक, बाप्यांची एक.
मी पाच राती जिन्याखाली काढल्या,
मांडीवर देवीचा जग घेऊन.
तिसरी खोली हाय का?"
माझ्या तक्त्यात तिसरा रकाना नव्हता.
पट्टी ठेवून एक उभी रेघ मारली.
वाकडी आली.

ऑगस्टात कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी आली
तेव्हा पुलापाशी अठ्ठावीस होतं,
बाजारपेठेत कुणी मान वर केली नव्हती.
रात्री अडीचला इठाबाईचा फोन.
"टेकलं."
एवढंच बोलली.

मी टॉर्च घेऊन पळालो, रुकय्याच्या खिडकीवर
उजेड पाडला, एकदा, दोनदा, तीनदा.
घर रिकामं.
ती पुढच्या बोळात होती, स्वतःची बॅटरी घेऊन,
आंधळ्या नाना भोयाचा हात धरून.
तो हात दाबून खड्डे सांगत होता,
पंचाहत्तर वर्षांचे पाठ खड्डे;
ती हात ओढून वळणं.

उताराची फाईल अजून मिरजेच्या कार्यालयात.
हमालांनी यार्डातून हळदीच्या पोत्यांची फळी आणून
पायऱ्यांवर टाकली.
सिद्राम वर आला, चाकं पिवळी झालेली,
नव्या नवरदेवासारखी.
तिसऱ्या खोलीला कुलूप.
किल्ली शिपायाकडे, शिपाई तासगावला.
चंद्रानं माझ्याकडं पाहिलं,
मी तक्त्याकडं,
सिद्रामनं हातोडी मागितली.

सकाळी टीव्हीवर सांगत होते:
कृष्णेनं चाळीस फुटांची इशारा पातळी गाठली,
नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं.
नागरिक चहा पीत होते.
इठाबाई पाटीचा काठ वळत होती.
मी नकाशा जमिनीवर पसरला,
झुडपं हा शब्द खोडला,
आणि तिथं नावं लिहायला घेतली.
जागा पुरेना.