धुतलेली, न धुतलेली

ह्रानुशबाईंनी जुडी थेट काट्यावर ठेवली,
बाजारात ठेवतात तशी.
हा काटा पापणीचा केसही तोलतो, मी म्हटलं,
उतरवा खाली.
"मग पापण्याच तोल," त्या म्हणाल्या, "राहिल्यात चार."

देबेद नदीच्या दरीतली उर्त्स.
रानओव्याच्या जातीची, जांभळट फुलांची,
खोकल्यावर, पोटावर, अवेळी आलेल्या पाहुण्यावर
एकच औषध.
तिबिलिसीचा व्यापारी आता कागद मागतो.
कागदावर शिक्का, शिक्क्यावर आकडे.

अर्धा ग्रॅम पाला, वरून नायट्रिक आम्ल.
तांबूस धूर निघतो, डोंगराचा वास
पाच मिनिटांत मरतो,
मागे राहतं पाणी,
नितळ, किंचित पिवळं, कुणाचंच नसलेलं.

एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ला म्हणतात.
आम्ही तो दहा लाखांत वाटतो
आणि विचारत बसतो, कुणाला किती मिळाला.

प्रत्येक धातूचा दिवा वेगळा.
लोहाचा लावला: भरपूर.
जस्त ठीक. मँगनीजचं तर विचारूच नका.
वारतेनी डोकावून म्हणाली, गुणाची आहे गं.
शिशाचा दिवा येरेवानहून उशिरा आलेला,
तो मी शेवटी लावते.
सवय म्हणा.

आकडा आला. पुन्हा घेतला.
मग नुसतं कोरं आम्ल घालून पाहिलं,
भांडंच तर खोटं बोलत नाही ना.
भांडं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्यातली मूठभर धुतली
तीन पाण्यांनी,
वाळवली, पुन्हा तोच सगळा धूर.
आकडा निम्म्यावर.

ह्रानुशबाईंना खुर्ची दिली.
सांगितलं, निम्मं वरचं होतं,
तांब्याच्या भट्टीच्या रस्त्याची धूळ,
धुतलं की जातं.
निम्मं मुळांनी घेतलंय.

त्या रुमालाचं टोक चोळत राहिल्या.
"सेरोबचं असंच.
सव्वीस वर्षं भट्टीवर.
रोज संध्याकाळी मी पाणी काढायची, ह्याच पाल्याचं,
काळं होऊन ओहोळाला जायचं.
मला वाटायचं, गेलं सगळं."

शिक्का खणातच राहिला.
खिंडीपलीकडच्या कुरणातली आणा, मी म्हटलं,
फुकट मोजून देते.
"तिथवर गुडघे पोचत नाहीत.
नातू पोचेल. तो मॉस्कोत फरशा बसवतो."

जाताना उरलेली जुडी मागितली.
द्यायला नको होती.
"प्यायची नाही," त्या म्हणाल्या, "वासाला."
आणि पुन्हा काट्यावरच ठेवून
दोरा बांधला, दातांनी तोडला.

त्या गेल्यावर काटा शून्यावर येईना.
तबकडीवर चार फुलं,
शून्य पूर्णांक शून्य शून्य सहा.
फुंकर मारायच्या आधी
वहीत लिहून ठेवलं.