निळा ड्रम

शनिवारी बुटीबोरीहून येतो गुणवंता,
बोटांची टोकं साबणासारखी गुळगुळीत.
दिवसभर ड्रम उपसतो. हातमोजे फाटकेच.

“वास नाही, रंग नाही,” सांगतो,
“पाण्यात मिसळते, मलमात मिसळते.
टायर साच्यातून सुटते ते याच्यानंच.
बाबाच्या जुलाबाच्या पुडीतबी हेच हाय.”

मी कोल्ड क्रीमची डबी उलटी धरते,
मुंगीएवढी अक्षरं. सापडलं. पीईजी.

माझे तळवे पऱ्हाटीनं चिरलेले.
म्हटलं, “मंग हातच फिरव न गालावर,
दहा रुपये वाचतीन.”
हसला नाही. हात लुंगीला पुसत राहिला.

मागं, कापलेल्या निळ्या ड्रमात
म्हैस ढेप खात होती,
मधूनच थांबून
प्लास्टिकची कड चाटत.