नऊ पोरं, चार सिनेमे

शाळेचा बॉयलर सोमवारी फुटला.
मंगळवारी जिन्यात जमलेल्या सगळ्या आयांनी
वळून माझ्याकडे पाहिलं.
माझ्या घरात एक भिंत रिकामी आहे
आणि मला नाही म्हणता येत नाही,
दोन्ही गोष्टी अख्ख्या इमारतीला ठाऊक.

बाहेर उणे सव्वीस. नारिन नदी
दोन्ही काठांनी गोठत गोठत
मधल्या एका काळ्या धारेवर आलेली.
सांस्कृतिक भवनातला प्रोजेक्टर मी उसना आणला,
शालीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा.
चौकीदार म्हणाला, बुरुलकान, दिवा उडाला तर भरून द्यावा लागेल.
म्हटलं, उडाला तर माझं शिवणयंत्र उचलून ने.

लग्नातली चादर. चार खिळे.
खालच्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिलीच.
दिवसभर ती प्रत्येक सिनेमात होती:
समुद्रात लाट,
वाळवंटात वाट,
राजाच्या गालावर जुना व्रण.

मोजली तेव्हा पोरं नऊ.
दारातले बूट मात्र एकोणीस.
विसाव्याचा शोध पहिला सिनेमा संपेपर्यंत चालला
आणि लागला नाही.

दुसरा सिनेमा रशियन भाषेतला, जहाजाचा.
धाकट्या आइजमालला रशियन कळत नाही,
म्हणून एर्मेक तिच्या कानाशी बसून सांगत होता.
कप्तान ओरडला: तो म्हणतोय, भूक लागली.
खलाशी रडला: तो म्हणतोय, बोरसोक संपले का?
जहाज बुडालं.
एर्मेकनं जरा विचार केला.
म्हणाला, आता सगळे जेवायला गेले.
मी निमूट उठले, कढईत दुसरा घाणा सोडला.

तिसऱ्या सिनेमात, नेमकं
घोडा दरीच्या काठावर थबकला असताना,
चादर निळी झाली
आणि वाजायला लागली.
सिनेमे माझ्या फोनमध्ये, फोन केबलला,
हे मेदेरला कुठून ठाऊक असणार?
तो तिकडे सुरगुतच्या बांधकामावर,
जेवणाच्या सुट्टीत, रोजच्यासारखा.

भिंतभर नवरा.
नाकपुडी खिडकीएवढी.
दाढीत सिमेंटचे कण, एकेक मोजता येईल असा.
दीड वर्षात मी त्याला
तळहातापेक्षा मोठा पाहिला नव्हता.
हा पुढचा दात कधी पडला, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

पोरं चिडीचूप.
मग तिलेक उभा राहिला, माझा,
आणि त्याची सावली बापाच्या हनुवटीपर्यंत पोचली.
अता, तू घोड्याच्या जागी आलायस, तो म्हणाला.
मेदेर हसला, चादर हलली.
मग त्यानं मान वळवून कोणाला तरी हाक मारली
आणि एकेक जण चौकटीत डोकं खुपसू लागला:
चोलपोनचा बाप, एर्मेकचा थोरला भाऊ,
खालच्या मजल्यावरचा तो जावई,
ज्याच्याबद्दल जिन्यात कुणी बोलत नाही.
माझी आहे का तिथं? माझा जेवला का?
नऊ पोरं एकदम बोलली.
कुणाचं काय कळलं, देव जाणे.
शिट्टी वाजली. सुट्टी संपली.

घोडा अजून काठावरच होता.
बिचारा तेवढा वेळ थांबलेला.
आइजमाल म्हणाली, मागे घे ना,
मोठ्या काकांपर्यंत मागे घे.
एर्मेकला पहिल्यांदाच भाषांतर सुचलं नाही.
मीच म्हणाले, तेवढं मागे जात नाही गं,
घोडा बघ, आता उडी मारेल.

त्यानं मारली. चौथ्या सिनेमात
निम्मी पोरं एकमेकांवर कलंडून झोपली.
रात्री खिळे उपटले तेव्हा दिसलं,
चादरीवर मधोमध
पाच तेलकट बोटं.
गाल होता तिथं.
कुणाची, ते मी विचारलं नाही.
सोडा घातलेल्या पाण्यात चादर भिजवली,
मग पुन्हा काढली, पिळली,
तशीच दोरीवर टाकली.

बूट अजून एकोणीसच.