अठरा हजार सहाशे तीस

ऑर्डर आली तेव्हा यादगिरीनं विचारलं,
एवढे टॉवेल? गावजेवण आहे का कुठं?
मालक म्हणाले, बर्फावर हॉकी खेळतात तिकडं,
खुर्ची तितके टॉवेल. हवेत फिरवायला.

पुसायला नाही?
नाही.

अक्कलकोट रोडवर पारा चव्वेचाळीस,
लूमला हात लावला तर चटका.
बर्फ म्हणजे त्याला माहीत तो
लाकडाच्या भुशातला, लग्नात मठ्ठ्यासाठी आणलेला,
मांडवात पोचेस्तो निम्मा.

राजमणी शिलाई मारता मारता मोजते, तेलुगूतच:
ही रांग भरली, ही भरली,
आता वरच्या मजल्यावरचे, स्वस्त तिकिटाचे.
आपलं पार्क मैदान यात किती वेळा मावेल
यावर चहा गार होईपर्यंत वाद.

शेवटच्या गाठोड्यात एक निघाला डागी,
ग्रीसचं बोट उमटलेलं.
कुणाचं, ते कुणी विचारलं नाही.
त्या निळ्याचं सूत संपलं होतं.

माल गेला. एक कमी.
बिलातही तसंच लिहिलं.

रात्रपाळीला यादगिरी तोच मानेवर टाकतो,
घाम पुसतो,
आणि वीज गेली, माग थांबले, की
अंधारात एकदा
गरकन फिरवतो.