आखूड हात

फॉर्ममध्ये रकाने होते:
मंदिर, दर्गा, विहीर, हातपंप, झाड जातीसह,
इतर.
मी 'इतर'पर्यंत पोचलो तेव्हा
पारा त्रेचाळीसवर होता
आणि सावली फक्त त्या दगडाची,
तीही शेळीच्या पिलापुरती.

शहाद्याच्या वाटेवर, जिथं गाव संपतं,
म्हणजे जिथं बंद जकात नाक्याच्या खिडकीत
कबुतरं अजून वसुलीवर असल्यासारखी घुमतात,
जिनिंगच्या धुराड्याला वरून पिंपळ फुटलाय,
आणि मैलाचा दगड नुसतं 'नंदुरबार' दाखवत
आकडा डांबरात घेऊन रुतलाय,
तिथं तो उभा. कुरूस.
काळ्या फत्तराचा, छातीएवढा,
एक हात लांब, एक आखूड.
लांब हाताला कुणीतरी शेंदूर फासलेला,
खोडावर पान खाणाऱ्यांची चुन्याची बोटं.

"कुणाचा?" मी विचारलं.
चहावाला भटू कासार म्हणाला,
"लिखी ले ना भाऊ, कुरूस शे.
आमना नही. पन शे."
शेळ्या वळणारा कासम पिंजारी म्हणाला,
साहेबाचा घोडा पुरलाय खाली,
आणि घोड्याचं नावही सांगितलं.
लिंबाखालच्या म्हाताऱ्यानं घोडा खोडून
तिथं पटकीच्या सालातली मडम पुरली.
शाळेतून येणारी पोरं म्हणाली, अधिकचं चिन्ह आहे,
पुढची संख्या चोरीला गेली.
रकान्यात एकच ओळ मावत होती.

रूथाबाई गावित नातवाच्या मोपेडवरून आली,
मांडीवर सुक्या मोहाची पिशवी.
दगडापुढं वाकली नाही, हात जोडले नाहीत.
म्हणाली, खाली कुणी नाही.
माझ्या आज्याच्या बापानं घडवला.
तेव्हा डोंगरातनं माणसं झोळीत घालून आणायचे,
तापलेली, अडलेली,
रात्रीची, कारण दिवसा ऊनच मारून टाकायचं.
या फाट्यावर येऊन चुकायचे.
सरळ गेलं की नदी,
नदीपलीकडं सगळं सारखंच.
एक बाई अशी सरळ नेली त्यांनी.
तिचं नाव सांगत नाही, घरातलंच आहे.
मग त्यानं हा उभा केला, अंधारात चाचपायला.
आखूड हात जिकडं, दवाखाना तिकडं.

"दगड कमी पडला नव्हता, साहेब.
मुद्दाम आखूड आहे."

मी तिकडं पाहिलं.
टायरचं दुकान, आणि विटांची उरलेली एक भिंत
कपाशीच्या बियाण्याची जाहिरात अंगावर घेऊन.

मी 'इतर' खोडून 'दिशादर्शक' लिहिलं.
बरं वाटलं. घरी जाऊन जेवलो.
ऑफिसात कुणीतरी ते वाचून
रस्त्याच्या फलकांच्या यादीत घातलं:
हलविणे, चार मीटर, नग एक.
मला तेवढं कळायला हवं होतं.

जेसीबीनं उचलला तेव्हा
खाली खरंच कुणी नव्हतं, घोडासुद्धा.
ओळंबा लावून, सिमेंट ओतून
अगदी सरळ बसवला त्यांनी,
फक्त फिरला.
आखूड हात पेट्रोल पंपाकडं.
भटू म्हणाला, "बरंच शे. पंप तं चालू शे."

फेरमोजणीला गेलो तेव्हा वैशाख सरत आला होता.
बुडाचं सिमेंट फोडलेलं,
आणि वर शेणमातीचं लिंपण,
ओटा सारवावा तसं, बोटांच्या कमानी उठलेलं.
आखूड हात टायरच्या दुकानाकडं.
कुणी केलं?
भटूला ठाऊक नव्हतं. त्याची पहार
पाण्याच्या टाकीआड धुऊन वाळत ठेवलेली.
कासमनं घोड्याचं नाव सांगितलं,
या वेळी दुसरंच.

कुणी बघत नाहीसं पाहून
मी डोळे मिटले आणि चाचपला.
छिन्नीचे घाव, शेंदराची पापुद्री, चुना,
लांब हात खडबडीत शेवटपर्यंत.
मग आखूड हाताचं टोक,
झिजून झिजून गुळगुळीत,
वरवंट्यासारखं.