उघडी बाही

आमच्याकडे उन्हाळा दोन महिन्यांचा,
आणि तोही डासांचाच.
माणसांच्या वाट्याला येतं ते गवत.

जुलैत याकुतियात रात्र धड येतच नाही.
उंबऱ्याशी टेकते न टेकते
तोच उठून जाते.
मग डासांनी झोपायचं कधी?
आणि ते झोपत नाहीत तर अफोन्याने तरी कधी?

मी नऊ वर्षांची. तो चौऱ्याहत्तर दिवसांचा.
दिवस मी मोजत होते, दाराच्या चौकटीवर, कोळशाने,
कारण आई म्हणाली होती
शंभर झाले की कातडी जरा निबर होते.
खरं होतं की नाही कोण जाणे.
मला एक आकडा हवा होता, तिने दिला.

ती पहाटेच निघायची कोल्खोजच्या कुरणावर, खांद्यावर विळा,
लांब दांड्याचा, तिच्याहून उंच.
दुपारी यायची तेव्हा छातीवरचं कापड ओलं,
अर्धं घामानं, अर्धं दुधानं.
तोवर बाळ माझं.

भूर्जसालीचा पाळणा, वर धुवट गाळणीचं फडकं
(दह्याचं; वास जात नव्हता),
दाराशी गोवऱ्यांची धुनी.
धूर नेमका बेताचा हवा:
कमी झाला तर डास आत,
जास्त झाला तर बाळ खोकणार.
गायी आपल्या आपण येऊन उभ्या राहायच्या धुरात
डोळे मिटून,
रांगेत, एकही ढकलाढकल न करता.
शाळेत आम्हाला तेवढं जमलं नाही कधी.

आणि माझ्या हातात दैबीर,
पांढऱ्या घोडीच्या शेपटीची चवरी.
डावीकडून उजवीकडे. उजवीकडून डावीकडे.
हात भरून यायचा,
खांद्यापासून सुटून दुसऱ्याच कुणाचा व्हायचा.

एकदा डोळा लागला.
किती वेळ? गायीने एक रवंथ संपवावा तेवढा असेल.
उठले तर फडकं सरकलेलं,
आणि त्याच्या पापणीवर एकजण
लाल होऊन तट्ट फुगलेला,
उडताही येईना त्याला.

अफोन्या रडला नाही. हेच वाईट.
पापणी सुजली, डोळा चिरेएवढा झाला,
आणि त्या चिरेतून तो माझ्याकडेच बघत राहिला,
हसलाही बहुतेक.

दुसऱ्या दिवशी मी बाही वर केली.
कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत.
हात ठेवला पाळण्याच्या काठावर, उघडा,
पाहुण्यांपुढे ताट ठेवावं तसा.
आले.
त्यांना काय, जवळचं ते खातात.
मी हलले नाही. दुसऱ्या हाताने चवरी चालू.
आधी आग, मग खाज,
मग तो हात नुसता एक ओंडका.

आईला सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही.
रात्री, म्हणजे त्या उजेडातच,
भूर्जाच्या डांबराचं बोट फिरवलं एकेका गाठीवर
मोजल्यासारखं, न बोलता.
तेव्हा तिची बाही मागे सरकली.
कोपराच्या आतल्या बाजूला,
विळा धरताना जिथं डास पोचूच शकत नाही
तिथं,
जुन्या, खपली पडून गेलेल्या,
दाटीवाटीने.

तिनं बाही खाली ओढली.
म्हणाली, उद्या दही घुसळायचंय, झोप.

शंभरावा दिवस आला तेव्हा
एका सकाळी पाण्यावर पातळ काच धरली होती
आणि डास संपले होते, असेच,
कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही.

आता याकुत्स्कात चौथा मजला.
खिडकीला जाळी, भिंतीतल्या सॉकेटमध्ये निळ्या औषधाची कुपी.
अफोन्या कोलिमाच्या रस्त्यावर तीस वर्षं ट्रक हाकून
पाठ धरून बसलाय;
त्याची नात नारियाना माझ्या मांडीवर, पाच आठवड्यांची.

जाळीतून एक आला कुठूनसा.
ऐकू मला आता नीट येत नाही,
तरी तेवढं येतं.
आणि बघते तर
माझी बाही वर गेलेली.

तेवढ्यात अफोन्याने टाळी वाजवली.
तळवा उघडून दाखवला मला, ऐटीत.
"रक्त आहे बघ," म्हणाला. "कोणाचं गं हे?"

मी बाळाचं टोपडं सारखं केलं.
म्हटलं, हात धुऊन ये.